आवाज न करणाऱ्या संगणकासाठी प्रोसेसर निवडताना

जात्यावरची ओवी गाणाऱ्या एखाद्या आजींचा आवाज मायक्रोफोनने टिपायचा असेल, तर त्या खोलीत दुसरा कोणताही सतत चालणारा आवाज असता कामा नये. छताचा पंखा बंद करता येतो, फ्रीज स्वयंपाकघरात असतो, खिडक्या लावून घेता येतात. पण ज्यावर ध्वनिमुद्रण होते तो संगणक बंद करता येत नाही आणि त्याचा पंखा आजींपासून चार हातांवर फिरत राहतो. गेली काही वर्षे मी आमच्या सीमाभागातील ओव्या, भजने आणि जुन्या ध्वनिफिती जतन करण्याचे काम घरच्या घरी करतो आहे आणि या कामाला योग्य संगणक कोणता, हा प्रश्न मला शेवटी प्रोसेसरच्या निवडीपर्यंत घेऊन आला. त्याविषयी जे समजले आणि जे ठरवले ते येथे सविस्तर लिहितो, कारण खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांत असे काम करू पाहणारे आणखी काही जण आहेत आणि त्यांच्याकडून हाच प्रश्न मला वरचेवर विचारला जातो.

पंख्याचा आवाज नंतर सॉफ्टवेअरने काढून टाकता येईल, असे पुष्कळजण सुचवतात. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममधील ‘नॉइज रिडक्शन’ची सोय आधी नुसत्या खरखरीचा नमुना घेते, तिच्यातील प्रत्येक कंपनसंख्येची पातळी मोजते आणि मग संपूर्ण ध्वनिमुद्रणात त्या पातळीखाली जे काही असेल ते दाबते. खणखणीत आवाजाच्या वक्त्याच्या बाबतीत हे चालून जाते. ओवी गाणाऱ्या ऐंशी वर्षांच्या बाईंचे ‘स’, ‘श’, ‘ह’ मात्र मुळातच क्षीण असतात आणि ते नेमके पंख्याच्या वाऱ्याच्या आवाजाच्याच पट्ट्यात येतात. खरखर दाबली की तेही दबतात, आणि वर पाण्याखालून बोलल्यासारखा एक किणकिणाट उरतो. म्हणून आवाज उगमापाशीच थांबवणे हाच खरा उपाय आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

कॅसेटींची गोष्ट थोडी निराळी आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारख्या गावांत भरणाऱ्या साहित्य संमेलनांतील भाषणे कोणी ना कोणी टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतलेली असतात. ती संगणकात घेताना आवाज तारेतून जातो, हवेतून जात नाही, त्यामुळे पंखा ध्वनिमुद्रणात उतरत नाही. परंतु टेपची स्वतःची सळसळ किती, वक्त्याच्या मागे सभागृहातील गुणगुण किती, यांचा निवाडा कानांनीच करावा लागतो आणि संगणक घोंघावत असला तर तो निवाडा चुकतो. आमच्याकडे बेळगावात शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत दिवसभर यंत्रमागांचा आवाज असतो, त्यामुळे असे काम रात्रीच होते. आणि दिवसा ज्या पंख्याची जाणीवही होत नाही, तो रात्री सर्वांत मोठा आवाज ठरतो.

आता प्रोसेसरकडे येतो. पंखा उष्णतेसाठी असतो, उष्णता विजेतून येते आणि संगणकातील विजेचा मोठा वाटा प्रोसेसर खातो. तेव्हा कमी वीज खाणारा प्रोसेसर घेतला की पंखा लागणारच नाही, हा तर्क सरळ आहे. अडचण एवढीच की, कोणता प्रोसेसर किती वीज खातो हे खोक्यावरच्या आकड्यावरून कळत नाही. ज्याला टीडीपी (थर्मल डिझाइन पॉवर) म्हणतात, त्या आकड्याचा मूळ उपयोग हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा पात्यांचा ठोकळा, बनवणाऱ्या अभियंत्यासाठी आहे: नेहमीच्या सततच्या कामात एवढी उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्था करा, इतकेच तो सांगतो. प्रोसेसर त्याहून अधिक वीज घेऊ शकतो आणि घेतोही. इंटेलने बाराव्या पिढीपासून आपल्या डेस्कटॉप प्रोसेसरांना दोन आकडे देण्यास सुरुवात केली, एक मूळ शक्तीचा आणि दुसरा टर्बोच्या, म्हणजे थोडा वेळ वाढवलेल्या वेगाच्या, कमाल शक्तीचा. ३५ वॉटचा म्हणून विकला जाणारा कोअर आय३-१२१००टी घेतला, तर त्याचा दुसरा आकडा ६९ वॉट आहे. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीचीही तीच रीत आहे. त्यांच्या एएम४ सॉकेटमध्ये (मदरबोर्डावरील प्रोसेसरच्या खाचेत) बसणाऱ्या, ६५ वॉट लिहिलेल्या प्रोसेसरला प्रत्यक्षात ८८ वॉटपर्यंत मुभा असते.

या मुभेची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे, कारण शांत संगणकाचे मर्म तेथेच आहे. इंटेलच्या प्रोसेसरला दोन मर्यादा असतात. पीएल१ ही दीर्घकाळ चालणाऱ्या कामाची मर्यादा असते आणि पीएल२ ही थोड्या वेळासाठीची, अधिक मोठी. थोडा वेळ म्हणजे किती, हे सांगणारा तिसरा आकडा असतो आणि अनेक प्रोसेसरांत तो २८ सेकंद असतो. जाड बुडाच्या पातेल्यात दूध लगेच उतू जात नाही, त्याप्रमाणे हीटसिंकचा धातू काही सेकंदांची जास्तीची उष्णता पोटात घेतो. पानाचे उघडणे, फाईल जतन करणे, असली कामे तेवढ्यात उरकतात आणि पंख्याला जाग येत नाही. काम लांबले की प्रोसेसर पीएल१ वर उतरतो. हे तीनही आकडे मदरबोर्ड बनवणारी कंपनी आपल्या मर्जीने ठरवते, आणि येथेच ग्राहकाची फसगत होते. इंटेलचा एन१०० हा २०२३ सालचा चार गाभ्यांचा (कोअरचा) प्रोसेसर ६ वॉटचा म्हणून प्रसिद्ध आहे. पण तो बसवलेल्या अनेक मिनी पीसींमध्ये पीएल१ दुप्पट-तिपटीवर नेऊन ठेवलेला असतो, कारण त्यामुळे चाचण्यांमध्ये आकडे चांगले दिसतात. मग तळहाताएवढ्या पेटीत तेवढी उष्णता बाहेर टाकण्यासाठी लहानसा पंखा भरधाव फिरवावा लागतो आणि ‘६ वॉटचा’ संगणक मोठ्या कॅबिनेटपेक्षा अधिक कर्कश वाजतो.

नावांवरही विसंबून राहू नये. एन१०० च्या शेजारी एन९५ नावाचा प्रोसेसर मिळतो. आकडा लहान म्हणून तो कमी वीज खात असेल असे वाटते, परंतु त्याचा टीडीपी १५ वॉट आहे, कमाल वेग तोच ३.४ गिगाहर्ट्झ आणि चित्रांचे काम करणारे भाग २४ ऐवजी १६. एन९७ हा १२ वॉटचा आहे. आठ गाभ्यांचा आय३-एन३०५ हा १५ वॉटचा आहे आणि त्याच्याकडून काम अर्थातच अधिक होते. हे सगळे एकाच कुटुंबातील आहेत आणि या चौघांपैकी पंख्याविना चालवायचा असेल तर एन१०० हाच सर्वांत सोपा, असे मला वाटते.

प्रोसेसर थंड पण बाकीचा बोर्ड तापट, असेही घडते. २००८ साली इंटेलने अ‍ॅटम २३० हा ४ वॉटचा प्रोसेसर आणला, तेव्हा त्याच्याबरोबर जुना ९४५जीसी चिपसेट (प्रोसेसरला मेमरी, डिस्क वगैरेंशी जोडणारी चिप) जोडला आणि त्या चिपसेटची उष्णता प्रोसेसरच्या पाचपटीहून अधिक, सुमारे २२ वॉट होती. त्या काळच्या इंटेलच्याच लहान बोर्डावर प्रोसेसरला नुसत्या धातूच्या पात्या होत्या आणि फिरणारा पंखा चिपसेटवर होता. आता एन१०० सारख्यांत चिपसेटचे काम प्रोसेसरमध्येच सामावलेले असल्यामुळे ती विशिष्ट अडचण उरलेली नाही, परंतु संपूर्ण संगणक भिंतीतून किती वीज घेतो हे पाहण्याची सवय त्या उदाहरणावरून लावून घेण्यासारखी आहे.

वीज कमी करण्याचा सर्वांत मोठा मार्ग व्होल्टेजचा आहे. प्रोसेसरमधील स्विचिंगसाठी लागणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२ व्होल्टवर चालणारा प्रोसेसर ०.९ व्होल्टवर आणला, तर वेग तोच ठेवूनही शक्ती जवळपास ५६ टक्क्यांवर येते. त्याबरोबर वेगही एक तृतीयांशाने उतरवला, तर ती ३८ टक्क्यांच्या आसपास राहते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते, म्हणून वेगाचा शेवटचा तुकडा फार महाग पडतो. शिखरावरचे थोडेसे कापले की कामात विशेष फरक न पडता उष्णता पुष्कळ उतरते. म्हणूनच मोठ्या, चांगल्या प्रोसेसरला हळू चालवणे हा लहान प्रोसेसरला ताणण्यापेक्षा शांततेचा चांगला मार्ग ठरू शकतो, आणि या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

त्याआधी खोलीच्या तापमानाचा विचार करायला हवा, कारण परदेशी परीक्षणांतील खोली २०-२२ अंशांची असते आणि आपली नसते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवा सुखद असते खरी; पण एप्रिलच्या दुपारी खोलीत ३५-३६ अंश सहज होतात आणि अथणी-रायबागकडे पारा त्याच्याही वर जातो. पंख्याविना चालणाऱ्या हीटसिंकचा हिशेब अगदी सोपा असतो: एक वॉट उष्णतेमागे तापमान किती अंशांनी चढते, हे समजले की बाकी गुणाकार आणि बेरीज. समजा, एखाद्या बोर्डावरील हीटसिंकमुळे दर वॉटला ४ अंश चढतात. ६ वॉटवर प्रोसेसर खोलीपेक्षा २४ अंशांनी गरम राहील, म्हणजे ३६ अंशांच्या खोलीत ६० अंश. तेच पीएल१ १५ वॉट ठेवला तर ६० अंशांची भर पडून ९६ होतील, आणि एन१०० ची कमाल मर्यादा १०५ अंश आहे. कॅबिनेटच्या आतील हवा खोलीपेक्षा गरम असते, हे धरले तर ती मर्यादा गाठली गेलीच म्हणायची. मग प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. युरोपातल्या परीक्षकाच्या हिवाळ्यात उत्तम चाललेला तोच संगणक आपल्याकडे उन्हाळ्यात अडखळतो, याचे कारण हे आहे. उंचीमुळे हवा समुद्रकाठापेक्षा साधारण सात टक्के विरळ असते, त्यामुळे कूलिंगमध्येही थोडी घट होते, पण तो फरक लहान आहे.

उष्णतेचा दुसरा परिणाम सावकाश दिसतो. मदरबोर्डावरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचे आयुष्य तापमान दर दहा अंशांनी उतरले की दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे, आणि उलटही तेवढेच खरे. पंखा काढला की प्रोसेसरबरोबर त्याच्या आजूबाजूचे सगळेच सुटे भाग तापू लागतात. त्यामुळे पंख्याविना संगणक करताना प्रोसेसर किती सहन करतो यापेक्षा बोर्ड किती वर्षे टिकावा असे आपल्याला वाटते, त्यावरून पीएल१ ठरवावा.

धूळ आणि दमट हवा या आपल्या भागातील दोन गोष्टी मात्र पंखा नसण्याच्याच बाजूने बोलतात. निपाणीच्या परिसरात तंबाखूच्या हंगामात हवेत बारीक भुकटी असते. पंखा ती ओढून हीटसिंकच्या पात्यांमध्ये दाबून बसवतो आणि पावसाळ्यात तिचा चिकट थर होतो. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात कपडेसुद्धा वाळत नाहीत. तेथे लहान पंख्याचे बेअरिंग वर्ष-दोन वर्षांत किरकिरू लागणे ही नेहमीची तक्रार आहे. ज्या यंत्रात हवा जबरदस्तीने ओढली जात नाही, त्यात धूळ बसते ती वरवर बसते आणि मऊ कुंचल्याने निघते.

आता पंख्याचाही न्याय्य विचार करतो. सर्व पंखे सारखे वाजत नाहीत. पंख्याची फेऱ्यांची गती निम्मी केली, तर हवा निम्मी मिळते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि हा फरक कानाला प्रचंड जाणवतो. १२ सेंटिमीटरचा मोठा पंखा अगदी मंद फिरवला तर चार हातांवरून ऐकू येत नाही. ४ सेंटिमीटरचा लहान पंखा तेवढीच हवा देण्यासाठी इतका जोरात फिरवावा लागतो की त्याचा सूर तीक्ष्ण होतो आणि तो सूर मायक्रोफोन नेमका उचलतो. तेव्हा निवड ‘पंखा की पंखा नको’ एवढ्यावर करू नये. पहिली पसंती पंखा अजिबात नसलेल्या संगणकाला, दुसरी मोठ्या मंद पंख्याच्या संगणकाला, आणि लहान पेटीतल्या लहान पंख्याच्या संगणकाला या कामासाठी कटाक्षाने नकार, हा माझा क्रम आहे.

बाजारात दोन मार्ग खरोखर विचारात घेण्यासारखे आहेत, त्यांपैकी पहिलाच या क्रमात नीट बसतो. पहिला, एन१०० कायमचा बसवलेला आणि वर पंख्याविना हीटसिंक असलेला लहान मिनी-आयटीएक्स बोर्ड. हे बोर्ड १७ सेंटिमीटर चौरस असतात आणि त्यांपैकी काही, उदाहरणार्थ आसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स, लॅपटॉपसारख्या १९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालतात. दुसरा मार्ग, कंपन्यांनी काढून टाकलेले एक लिटर आकाराचे जुने मिनी संगणक, ज्यांत ‘टी’ अक्षराचे ३५ वॉटचे इंटेल प्रोसेसर असतात. बंगळूरच्या एसपी रोडवर किंवा पुण्यात ते रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकलेले, म्हणून मिळतात. त्यांत लहान पंखा असतो, म्हणून ध्वनिमुद्रण होऊन गेल्यावरच्या कामालाच ते घ्यावेत. त्यांतला २०१८ सालचा आय५-८५००टी सहा गाभ्यांचा आहे आणि बसून राहिलेला असताना तो एन१०० पेक्षा फार अधिक वीज खात नाही. जुना संगणक घेताना आठव्या पिढीच्या खाली उतरू नये, हे आवर्जून सांगतो. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच चालते आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सहाव्या पिढीचा आय५-६५००टी स्वस्तात मिळतो, पण तो लिनक्स वापरणाऱ्यानेच घ्यावा.

रास्पबेरी पाय ५ चाही विचार अनेकजण करतात. तो अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत पंख्याविना चालू शकतो आणि नुसत्या ध्वनिमुद्रणाला पुरतो. परंतु आवाज स्वच्छ करणारी बरीच प्लगइन्स (जोड-प्रोग्राम) इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांसाठीच बनवलेली असतात, म्हणून मी तो मार्ग सोडला. मोठ्या प्रोसेसरला हळू चालवण्याचा मघाचा मुद्दा येथे उपयोगी पडतो: एएमडीचा ५६००जी बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) ४५ वॉटवर उतरवून मोठ्या हीटसिंकखाली अतिशय शांत चालवता येतो. ज्यांना चलचित्रांचेही काम करायचे आहे त्यांनी तो जरूर पाहावा.

माझ्या कामाला किती ताकद लागते, याचा हिशेब मांडल्यावर निर्णय सोपा झाला. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर दोन मार्गिकांचे (स्टिरिओ) ध्वनिमुद्रण केले, तर सेकंदाला २ लाख ८८ हजार बाइट तयार होतात, तासाला सुमारे एक जीबी. आजच्या कोणत्याही प्रोसेसरला हे काम जाणवतसुद्धा नाही. कॅसेट तिच्याच गतीने वाजते, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटांतच उतरते, प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी. खरी ताकद लागते ती नंतर, खरखर कमी करताना आणि फाईल दुसऱ्या स्वरूपात बदलताना, आणि त्या वेळी खोलीत कोणी गात नसते. एन१०० चे गाभे दर सायकलमागे साधारण इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक पिढीच्या तोडीचे आहेत. म्हणजे काही वर्षांपूर्वी ज्या डेस्कटॉपवर आपण हीच सगळी कामे करत होतो, तेवढे बळ ६ वॉटमध्ये मिळते आहे. ध्वनीसाठी याहून अधिकाचा आग्रह धरण्याचे कारण मला दिसत नाही. त्याची एक मर्यादा लक्षात ठेवावी: मेमरीची एकच मार्गिका आहे आणि इंटेलच्या अधिकृत माहितीप्रमाणे १६ जीबीपर्यंतच मेमरी चालते.

पाच मीटरच्या यूएसबी तारेने संगणक शेजारच्या खोलीत का ठेवू नये, असाही प्रश्न येतो. ज्यांच्याकडे तशी खोली आहे त्यांनी खुशाल ठेवावा, त्यासारखा स्वस्त उपाय नाही. आमच्याकडच्या जुन्या घरांत खोल्या एकामागोमाग एक आगगाडीच्या डब्यांसारख्या असतात आणि शेजारच्या खोलीत माणसे झोपलेली असतात, म्हणून मला ते जमणारे नव्हते.

पॉवर सप्लायकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ८० प्लसचे प्रमाणपत्र देताना सप्लायची कार्यक्षमता २०, ५० आणि १०० टक्के भारावर मोजतात. घरगुती संगणकांच्या सप्लायमध्ये दहा टक्क्यांची अट फक्त टायटॅनियम दर्जाला आहे. ५०० वॉटच्या सप्लायचे २० टक्के म्हणजे १०० वॉट. आपला संगणक बसल्या बसल्या १० वॉट घेत असेल, तर तो दोन टक्क्यांवर चालतो आहे, आणि तेथे सप्लाय किती वीज वाया घालवतो हे प्रमाणपत्र सांगतच नाही. शिवाय त्यात स्वतःचा पंखा असतो. म्हणून कमी विजेच्या प्रोसेसरला १९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा बोर्डच साजतो. अ‍ॅडॉप्टर मात्र चांगल्या प्रतीचा घ्यावा, कारण हलक्या अ‍ॅडॉप्टरमधून ध्वनिमुद्रणात ५० हर्ट्झची घरघर शिरते.

पंखा गेला की आजवर त्याच्याखाली झाकलेला आणखी एक आवाज वर येतो. मदरबोर्डावरील व्होल्टेज बदलणाऱ्या वेटोळ्यांतून बारीक शिट्टीसारखा सूर येतो, त्याला कॉइल व्हाइन म्हणतात. प्रोसेसर झोपेतून जागा होतो, पुन्हा झोपतो, या चढउतारांबरोबर तो सूर बदलतो. माऊस हलवल्यावर सूर बदलत असेल तर तो हाच समजावा. बायोसमध्ये सर्वांत खोल झोपेच्या सी-स्टेट बंद केल्या की तो बऱ्याचदा थांबतो, पण त्या बंद केल्या की बसून राहिलेल्या संगणकाची वीज वाढते. मी ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्या बंद ठेवणे पसंत करतो. याउलट सी-स्टेट चालू असूनही संगणक अधिक वीज खात असेल, तर एखादे जुने कार्ड किंवा डिस्क कंट्रोलर प्रोसेसरला झोपू देत नाही, अशी शंका घ्यावी. लिनक्सवर पॉवरटॉप हा प्रोग्राम ते दाखवतो.

विजेच्या बिलाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण शांततेसाठी सुरू केलेल्या या खटाटोपात तो आपोआप साधतो. वर्षभर अखंड चालणारा एक वॉट म्हणजे ८.७६ युनिट. जुना टॉवर ६० वॉट आणि नवा संगणक १० वॉट घेतो असे धरले आणि दिवसाला आठ तास काम केले, तर महिन्याला १२ युनिटांचा फरक पडतो. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. तिच्यात २०० युनिटांच्या आतील घराला २०२२-२३ सालच्या सरासरीवर साधारण दहा टक्के धरून तेवढी वीज मोफत मिळते. महिन्याची सरासरी ६० युनिट असलेल्या घराला ६६ युनिटांची मर्यादा मिळते, आणि त्यात ६० वॉटचा टॉवर संगणक आला तर ती ओलांडली जाते. ६ वॉटचा प्रोसेसर त्या मर्यादेत सहज राहतो. वीज गेल्यावर १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीवर तो रात्रभर चालतो, हाही लाभ आहे. इन्व्हर्टर मात्र साइन वेव्हचा असावा, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरची गुणगुण ध्वनिमुद्रणात उतरते.

मी शेवटी एन१०० चा पंख्याविना बोर्ड निवडला आहे. डिस्क एसएसडीच आहे, फिरणारी हार्ड डिस्क केवळ प्रत ठेवण्यासाठी, काम संपल्यावर जोडण्यापुरती. कॅबिनेटला वरून आणि खालून जाळी आहे आणि बोर्ड उभा बसवला आहे, जेणेकरून हीटसिंकच्या पात्या उभ्या राहतील आणि गरम हवा आपोआप वर निघून जाईल. आडव्या पात्यांमध्ये ती कोंडते. बायोसमध्ये पीएल१ १० वॉट आणि पीएल२ २० वॉट ठेवला आहे. वरच्या हिशेबाने, ३६ अंशांच्या खोलीत १० वॉटवर प्रोसेसर ७६ अंशांच्या आसपास राहायला हवा, आणि तेवढ्यावर बोर्डाचे आयुष्यही सुरक्षित राहते असे मी मानतो.

ज्यांना हीच रचना करायची आहे त्यांनी कॅबिनेट बंद करून, सर्व गाभ्यांवर भार टाकून किमान एक तास संगणक चालवावा आणि तापमान कोठे स्थिरावते ते लिहून ठेवावे. पहिल्या पाच मिनिटांतील आकडा धरू नये, कारण धातूला तापायला वेळ लागतो. ही चाचणी डिसेंबरात घेतली असेल, तर मिळालेल्या आकड्यात खोलीच्या तापमानातील फरक सरळ मिळवावा: २२ अंशांच्या खोलीत ७० दिसले असतील, तर ३६ अंशांच्या खोलीत ८४ धरावेत. बेरीज ८५ च्या वर जात असेल, तर पीएल१ दोन वॉटने उतरवून पुन्हा तासभर चालवावे.